मंगळवारचा दवाखाना

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मंडळात मी आजवर उभी राहिले ती हळदीकुंकवाला वाण वाटायला, नाहीतर हिशेबाच्या सभेत अनुमोदन द्यायला. गेल्या महिन्याच्या बैठकीत अध्यक्षबाईंनी विचारले, "यंदा वर्धापनदिनाला आरोग्यावर कोण बोलेल?" तेव्हा माझा हात वर गेला. तो कसा गेला हे माझे मलाच कळले नाही. सगळ्यांना वाटले की मी गुडघ्यांवर बोलणार. तसे वाटणे साहजिकच होते. गेली अडीच वर्षे मी अधूनमधून मंगळवारी सकाळच्या एस.टी.ने साताऱ्याला जाते, आणि विचारणाऱ्या प्रत्येकीला "गुडघे दाखवायला" असे सांगत आले. भजनाच्या हजेरीवहीत माझ्या नावापुढे "गुडघेदुखी" असा शेराही आहे.

भगिनींनो, माझे गुडघे ठणठणीत आहेत. मी साताऱ्याला जाते ती मनाच्या डॉक्टरांकडे. अडीच वर्षे मी तुमच्याशी खोटे बोलले. त्याबद्दल आधी तुमची सर्वांची क्षमा मागते आणि मग विषयाकडे वळते.

विषय असा आहे की, मनाचा आजार झाला तर माणसाला कुठेतरी नेऊन ठेवावे लागते, ही जी आपली समजूत आहे ती खरी नाही. बहुतेक आजारांत माणूस सकाळी दवाखान्यात जातो, डॉक्टरांशी बोलतो, औषध घेतो आणि संध्याकाळी घरी येऊन दिवा लावतो. याला बाह्यरुग्ण उपचार म्हणतात. मी सातवी शिकलेली बाई, तेव्हा यातले जे शास्त्राचे आहे ते मी आमच्या डॉक्टरीणबाईंना विचारून वहीत उतरवून घेतले आहे. हे भाषणही त्यांना वाचून दाखवले. मात्र घरचे जे सांगणार आहे ते माझे स्वतःचे आहे.

२०२२ च्या पावसाळ्यात माझी आई गेली. मी गप्प गप्प झाले तेव्हा सर्वांना वाटले, आईचे दुःख आहे, चार दिवसांनी ओसरेल. मलाही तसेच वाटले. पण दिवाळी आली तरी ते ओसरेना. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. मग उजाडेपर्यंत आढ्याकडे बघत पडायचे. सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकायचा म्हणजे भरली घागर घेऊन घाट चढण्याइतके जड वाटे. अन्नाला चव नव्हती. पोळ्या किती लाटल्या याचा हिशेब राहीना. एकदा आमटीत दोनदा मीठ पडले आणि दुसऱ्या दिवशी भाजीत पडलेच नाही. मुलगी कॉलेजातले काही सांगू लागली की तिचे शब्द कानावर पडत, पण आत जात नसत. रडू मात्र येत नसे. रडू आले असते तर बरे झाले असते, असे वाटे.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी आज पहिल्यांदाच चारचौघींत सांगते. आपण नसलो तर घरच्या माणसांची सुटका होईल, असा विचार माझ्या मनात येऊ लागला. तो येई तोही अगदी शांतपणे, वाणसामानाची यादी करावी तसा. पुढे बरी झाल्यावर मला भीती वाटली ती त्या शांतपणाचीच.

ह्यांनी काही कमी केले असे नाही. रक्त तपासले, थायरॉइड पाहिले, सोनोग्राफी केली. रक्त थोडे कमी निघाले म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. या तपासण्या फुकट गेल्या असे कोणी समजू नये. थायरॉइडचे काम मंदावले, रक्त कमी झाले किंवा ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले, तरी माणूस असाच गळून जातो. म्हणून मनाचे डॉक्टरही आधी त्याची खात्री करून घेतात. पण माझे सगळे कागद ठीक निघाले आणि मी तशीच राहिले. मग अंगारा झाला, दंडाला गंडा झाला. गंड्याने माझे नुकसान काही झाले नाही, पण दोन महिने मात्र गेले.

शेवटी मला साताऱ्याला नेले ते कोणी, तर माझ्या सासूबाईंनी. तुम्ही सर्व त्यांना ओळखता. त्यांचा स्वभाव कडक आहे, हेही तुम्हाला मी सांगायला नको. संक्रांतीनंतरची गोष्ट. दुपारी मी खोलीचे दार लोटून पडले होते. त्या आत आल्या आणि माझ्या पायाशी बसल्या. अशा त्या कधी बसत नाहीत. म्हणाल्या, "माझ्या माहेरी माझी धाकटी चुलती होती. बाळंतपणानंतर तिचं डोकं फिरलं म्हणून तिला मागच्या खोलीत कोंडून ठेवली होती. मी आठ वर्षांची. दोन्ही वेळचं ताट दाराच्या फटीतनं मीच सरकवायचे. तिच्याशी बोलायची मला बंदी होती. एक दिवस तिनं आतून विचारलं, 'पोरी, बाहेर पाऊस पडतोय का गं?' मी उत्तर न देता पळाले. पाच वर्षांनी ती त्याच खोलीत गेली. तू हे दार लोटून घेतेस ना, तेव्हा मला ते ताट आठवतं. उद्या आपण साताऱ्याला जायचं. लोक काय म्हणतील ते मी बघते."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे, म्हणजे हे, सासूबाई आणि मी, वाईहून सातच्या एस.टी.ने निघालो. पाचवड येईपर्यंत मी हात घट्ट धरून बसले होते. मला वाटले होते, तिथे केस सोडलेली, ओरडणारी माणसे असतील, दाराला गज असतील आणि मला आत ठेवून ही दोघे परत जातील. प्रत्यक्षात तिथे काय होते? केसपेपरची रांग, भिंतीला लावलेले बाक आणि बाकांवर आपल्यासारखीच माणसे. एक शाळामास्तर मांडीवर वह्यांचा गठ्ठा घेऊन तपासत बसले होते. एक शेतकरी होता, त्याची बायको त्याच्या पिशवीतले पाणी त्याला पाजत होती. कॉलेजातला एक मुलगा होता. आणि आपल्याच गावातल्या एक बाई होत्या. त्यांनी मला पाहिले, मी त्यांना पाहिले. त्या घाईघाईने म्हणाल्या, "गुडघे दाखवायला आले होते." मी म्हणाले, "मी पण." हाडांचा विभाग तर खालच्या मजल्यावर होता! त्या दिवसापासून आम्ही दोघी त्या जागेला गुडघ्यांचा दवाखानाच म्हणतो. त्या बाई कोण, हे मी सांगणार नाही. सांगायचे की नाही, हा त्यांचा अधिकार आहे.

डॉक्टरीणबाईंनी मला काय विचारले? झोप कशी आहे, भूक कशी आहे, कधीपासून असे होते, घरात आणखी कोणाला असे झाले होते का, पूर्वी कधी फार आनंदाचे, झोप नको वाटणारे दिवस आले होते का. मग त्यांनी सरळ विचारले, "मरणाचे विचार येतात का?" मी मान हलवून हो म्हटले. आकाश काही कोसळले नाही. उलट इतक्या महिन्यांत पहिल्यांदा छातीवरचा दगड जरा सरकला. असे विचारले तर माणसाच्या डोक्यात नसलेला विचार भरेल, अशी आपल्याला भीती असते. ती खरी नाही. विचारल्याने माणूस वाचतो. त्यांनी ह्यांना एवढेच सांगितले की, गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा, रोजची रोज हातात द्या, आणि हिला काही दिवस एकटी सोडू नका. मग मला म्हणाल्या, "तुम्हाला नैराश्याचा आजार झाला आहे. तो बरा होतो. आज तुम्ही घरी जायचे आहे." दुपारच्या एस.टी.ने आम्ही परत आलो. त्या संध्याकाळी भाकऱ्या मी थापल्या. त्या काही चांगल्या झाल्या नाहीत, पण थापल्या मीच.

आता उपचार कोणकोणते असतात ते क्रमाने सांगते.

पहिला उपचार औषधाचा. तो देतात ते मनोविकारतज्ज्ञ. ते आधी डॉक्टरीची पदवी घेऊन मग मनाच्या आजारांचे शिक्षण घेतलेले असतात. आपल्याला वाटते, मनाच्या गोळ्या म्हणजे झोपेच्या गोळ्या. तसे नाही. नैराश्याची गोळी झोपेची नसते आणि तिची सवयही लागत नाही. पण ती तापाच्या गोळीसारखी संध्याकाळपर्यंत गुणही देत नाही. दोन ते चार आठवडे जातात, कधी थोडे जास्तही. पहिल्या आठवड्यात तर मला मळमळ झाली, तोंडाला कोरड पडली, आणि गुण मात्र काही दिसेना. नेमक्या याच वेळी पुष्कळ जणी गोळ्या टाकून देतात. तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी मी जागी झाले तेव्हा उजाडले होते. मुलगी म्हणाली, "आई, तू घोरत होतीस." इतके गोड वाक्य मी आजवर ऐकलेले नाही.

आता माझी चूकही सांगते, म्हणजे ती दुसरीने करू नये. तीन महिन्यांत मला बरे वाटू लागले. तेवढ्यात पुतण्याचे लग्न आले, घर पाहुण्यांनी भरले. गोळ्यांची पट्टी कोणाच्या हाती लागेल या धास्तीने मी त्या बंद केल्या. कोणालाही विचारले नाही. चार दिवस गरगरले, ते मी लग्नाच्या धावपळीवर ढकलले. दीड महिन्यात पहाटेचे तीन पुन्हा आले. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "बरे वाटले म्हणजे आजार गेला असे नव्हे. बरे वाटल्यावरही निदान सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवायचे असते आणि मग हळूहळू, आमच्या देखरेखीखाली कमी करायचे असते." आजार उलटला म्हणून माझा काळ लांबला. आता माझी गोळी निम्मी झाली आहे आणि दोन महिन्यांतून एकदा जावे लागते.

सगळ्यांना एकच औषध नसते. ज्यांना कधी अतिउत्साह आणि कधी खिन्नता असे झोके येतात, त्यांना लिथियमसारखे औषध देतात. त्यासाठी अधूनमधून रक्त तपासून घ्यावे लागते. स्किझोफ्रेनियात माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात, नसलेला संशय येतो. त्याची औषधे वेगळी. रोज गोळी घेणे ज्यांना जमत नाही त्यांना दोन-चार आठवड्यांनी एकदा घ्यावयाचे इंजेक्शनही असते. तेही दवाखान्यात जाऊन घेता येते. तेव्हा एकीच्या गोळ्या दुसरीने मागून घेऊ नयेत. पाडव्याची साखर वाटावी तशी ही वाटण्याची वस्तू नव्हे. झोपेच्या गोळ्याही औषधांच्या दुकानातून आपल्या मनाने आणू नयेत, कारण त्यांची मात्र सवय लागते. दिवस गेले असतील किंवा अंगावर पाजत असाल तर ते डॉक्टरांना पहिल्यांदा सांगावे.

दुसरा उपचार बोलण्याचा. तो चिकित्सा मानसशास्त्रज्ञ करतात, काही ठिकाणी शिक्षण घेतलेले समुपदेशकही करतात. ते गोळ्या देत नाहीत. मला वाटले होते, बोलण्याने काय होणार? बोलायला काय शेजारणी नाहीत? पण हे बोलणे निराळे असते. पाऊण तास बसायचे, ठरलेल्या दिवशी जायचे, आणि मध्यंतरी घरी अभ्यास करायचा! मला त्या बाईंनी वही घालायला सांगितली. एका बाजूला काय घडले ते लिहायचे, मधे त्यावर मनात काय आले ते, आणि शेवटी त्याला पुरावा काय ते. मी लिहिले, "आमटी खारट झाली. मी कुचकामाची आहे." त्यांनी विचारले, "वीस वर्षांत आमटी किती वेळा खारट झाली?" मी मोजू लागले आणि मला हसू आले. दुसरा अभ्यास असा की, इच्छा होण्याची वाट न पाहता रोज एक लहान काम ठरल्या वेळी करायचे. मी तुळशीला पाणी घालून घाटापर्यंत चालत जायचे ठरवले. आधी चालणे झाले, इच्छा मागाहून आली. अशा आठ बैठका मला पुरल्या. सौम्य आजारात कधी कधी एवढ्यानेच भागते. आजार जोराचा असेल तर औषध आणि बोलणे ही दोन्ही बरोबर लागतात. सारखे हात धुणे, कुलूप पुन्हा पुन्हा ओढून पाहणे, ज्याला आपण मंत्रचळ म्हणतो, त्यालाही या उपचाराचा चांगला गुण येतो.

तिसरा प्रकार सोबतीचा. एकाच आजारातून जाणारी माणसे किंवा त्यांचे घरचे लोक ठरल्या दिवशी एकत्र बसतात, त्याला स्वमदत गट म्हणतात. दारूच्या व्यसनासाठी अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा असतात आणि घरच्या बायामाणसांसाठी अल-अनॉनच्या सभा असतात, हे पुष्कळ जणींना माहीत नसते. आजार लांबलेल्या माणसांसाठी मोठ्या शहरांत दिवसा जाण्याची केंद्रेही आहेत. तिथे सकाळी जाऊन शिवण, बागकाम असे काहीतरी करायचे आणि संध्याकाळी घरी यायचे.

"तिथे शॉक देतात का हो?" हे तुमच्यातल्या कोणाच्या तरी मनात नक्की आले असेल, कारण माझ्याही आले होते. मला दिला नाही. फार तीव्र आजारात, औषधाने गुण येत नसेल तेव्हा तो उपचार अजूनही उपयोगी पडतो. पण तो भूल देऊन आणि संमती घेऊनच करतात. भूल न देता तो करण्याला कायद्याने मनाई आहे.

हे सगळे मिळते कुठे? आपल्या देशात राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला आणि १९९६ पासून तो जिल्ह्याजिल्ह्यांत न्यायला सुरुवात झाली. त्यामुळे जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराचा विभाग असतो, त्यांची माणसे ठरल्या दिवशी तालुक्यालाही येतात. आपल्या ग्रामीण रुग्णालयात किंवा आशाताईंकडे विचारले तर वार कळतो. वैद्यकीय कॉलेजांच्या दवाखान्यांतही हा विभाग असतो. ठाणे, पुण्याचे येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारची जी चार मोठी मनोरुग्णालये आहेत, तिथेसुद्धा दाखल न होता नुसते दाखवून औषध घेऊन येणारे लोक असतात. खाजगी डॉक्टर आहेतच. आणि ज्यांना घराबाहेर पडणेच शक्य नाही त्यांच्यासाठी टेलिमानस नावाची सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाली आहे. तिचा क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत, रात्रंदिवस चालू असते, मराठीत बोलता येते. हा क्रमांक आज घरी गेल्यावर गॅसच्या नंबराशेजारी भिंतीवर लिहून ठेवा.

मग दाखल कधी करावे लागते? माणूस जिवाचे बरेवाईट करण्याच्या बेतात असेल, अन्नपाणी सोडले असेल, किंवा स्वतःला अथवा दुसऱ्याला इजा करील अशी अवस्था असेल, तर वेळ घालवू नये. बाळंतिणीचा आजार असा एकाएकी आला तर त्याच दिवशी न्यावे. पण तेही काही काळापुरते. बरे वाटले की घरी आणि पुढे पुन्हा मंगळवारचा दवाखाना.

सासूबाईंच्या चुलतीबद्दल मी डॉक्टरीणबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "आजच्या दिवसांत ती बहुतेक बरी होऊन घरी आली असती, तिने बाळाला मांडीवर घेतले असते." आवाज, संशय अशा आजारांवरचे पहिले खरे गुणकारी औषध फ्रान्समध्ये १९५२ साली वापरात आले. सासूबाई त्या खोलीत ताट सरकवीत होत्या तेव्हा जगात ते औषध होते, पण त्यांच्या माहेरच्या वाटेला ते आले नाही. आज औषध आपल्या तालुक्याच्या वाटेला आहे आणि आपणच दाराला आतून कडी घालून बसलो आहोत.

कायद्याचेही दोन शब्द सांगते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याप्रमाणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या दवाखान्यात मनाच्या आजारावर उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. आपला आजार गुप्त ठेवला जाण्याचाही हक्क आहे. आजारी माणसाला साखळीने बांधणे या कायद्याने बंद केले आहे. आणि ज्याने जीव देण्याचा प्रयत्न केला तो फार मोठ्या ताणाखाली होता असे कायदा धरून चालतो. त्याला शिक्षा न करता मदत करावी, असे कायदाच सांगतो.

आता शेवटचे आणि मला सर्वांत अवघड वाटणारे. आमच्या मुलीचे लग्न पाहायचे चालले आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. हे भाषण मी करणार म्हटल्यावर हे दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "तुझं सगळं पटतं. पण उद्या पाहुणे म्हणतील, मुलीच्या आईला वेड लागलं होतं. एक वर्ष थांब, मग बोल." त्यांचे काही चूक नव्हते. मी थांबायचे ठरवलेही होते. मुलगी भांडी विसळत होती. तिथूनच म्हणाली, "आई, उद्या मला झालं तर मग मी कुठं सांगायचं?" त्यावर ह्यांच्याकडेही उत्तर नव्हते, माझ्याकडेही नव्हते. हे आज मागच्या रांगेत येऊन बसले आहेत, हेच त्यांचे उत्तर मी समजते.

बंगलोरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली देशातल्या बारा राज्यांत पाहणी केली. मोठ्या माणसांत शंभरांत दहा-अकरा जणांना त्या वेळी मनाचा कोणता ना कोणता आजार होता, असे त्यांना आढळले. बहुतेक आजारांत दहांपैकी सात किंवा त्याहून जास्त जण उपचाराविना होते. आज या सभागृहात आपण शंभरएक जणी आहोत. त्यातली एक मी. बाकीच्या नऊ कोण, हे मला ठाऊक नाही आणि मला ते विचारायचेही नाही. पण त्या नऊजणींना माझे म्हणणे ऐकू जावे म्हणून मी आज उभी राहिले.

मंडळापुढे माझी एक विनंती आहे. आपण पापडाची ऑर्डर वाटून घेतो, बाळंतिणीचे डबे वाटून घेतो, कोणाकडे दुःख झाले तर पिठलेभात वाटून घेतो. तसेच हेही वाटून घेऊ या. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मी सातच्या एस.टी.ला उभी असेन. माझा स्वतःचा नंबर असो वा नसो. ज्या बहिणीला सोबत हवी असेल, स्वतःसाठी किंवा घरच्या माणसासाठी, तिने नुसते येऊन माझ्याशेजारी उभे राहावे. मी काही विचारणार नाही. गाडीत बोलायचे नसेल तर बोलणारही नाही. केसपेपर कुठे काढायचा, कोणत्या बाकावर बसायचे, गोळ्या कोणत्या खिडकीवर मिळतात, एवढे मी दाखवीन. दुपारी आपण परत येऊ. सासूबाईंनी सांगून ठेवले आहे की, ज्या दिवशी मला जमणार नाही त्या दिवशी त्या स्वतः येतील.

वाटेत कोणी विचारले तर खुशाल सांगा की गुडघे दुखतात. पहिल्या दिवशी तेवढा आडोसा लागतो, तो मीही घेतला होता. मला मात्र यापुढे त्याची गरज उरली नाही. हजेरीवही ज्यांच्याकडे आहे त्यांनी माझ्या नावापुढचा तो शेरा कृपा करून खोडावा, आणि त्या जागी खरा काय तो लिहावा.